सुपरनोव्हा आणि शॉकवेव्ह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताऱ्यांच्या स्फोटांबद्दल, म्हणजे सुपरनोव्हांबद्दल, काही लिहिलं की ठरावीक प्रश्न फिरून फिरून येतात. ते इथे सोप्याकडून अवघडाकडे असे लावले आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला फक्त क्रमांक दिला आहे. निम्म्या शंकांचं मूळ एकाच ठिकाणी असतं, ते आधीच सांगून ठेवतो: ताऱ्याचा गाभा कोसळणं आणि तारा फुटणं या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीतून दुसरी घडेलच असं नाही. दुसरी घडली तर ती घडवून आणते शॉकवेव्ह.

१. शॉकवेव्ह म्हणजे नेमकं काय? साध्या ध्वनिलहरीपेक्षा ती वेगळी कशी?

ध्वनिलहर जाते तेव्हा हवा किंचित दाबली जाते, सैल होते आणि पुन्हा होती तशी राहते. ही लहर त्या माध्यमातल्या ध्वनीच्या वेगानेच जाते. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. त्याहून वेगाने काही घुसलं तर पुढच्या वायूला चाहूलच लागत नाही. सरकायला वेळ न मिळाल्यामुळे दाब, घनता आणि तापमान एका अतिशय पातळ थरात एकदम उडी घेतात. हा उडीचा थर म्हणजे शॉकवेव्ह. बंदुकीच्या गोळीपुढची अशी लाट अर्न्स्ट माख आणि पेटर साल्शर यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फोटोंत पकडली होती.

लाट पुढे गेल्यावर मागचा वायू पूर्ववत होत नाही. तो तापलेला, दाबलेला आणि लाटेच्या दिशेने ढकललेला असतो. गंमत अशी की शॉक कितीही जोरदार असला तरी साध्या एकअणू वायूची घनता चौपटीच्या पुढे जात नाही, जोवर उष्णता प्रकाशरूपाने निसटून जात नाही तोवर. तापमानाला मात्र असा लगाम नाही. सेकंदाला १,००० किलोमीटरने जाणारा शॉक वायूला १ कोटी अंशांच्या पुढे नेतो. सुपरनोव्हाचे अवशेष क्ष-किरणांत चमकतात ते यामुळेच.

२. अवकाशात आवाज जात नाही ना? मग शॉकवेव्ह कशी जाते?

ताऱ्याच्या आत हा प्रश्न येतच नाही, तिथे वायू भरपूर दाट असतो. प्रश्न आहे तो ताऱ्याबाहेरचा. ताऱ्यांमधली जागा विरळ आहे, पण रिकामी नाही. साधारणपणे दर घनसेंटिमीटरला एखादा अणू, कुठे कमी, कुठे जास्त. इतक्या विरळ वायूत कण एकमेकांवर क्वचितच आपटतात, त्यामुळे हवेतल्यासारखी टकरींची लाट तिथे बनू शकत नाही. पण हा वायू विद्युतभारित असतो आणि त्यात चुंबकीय क्षेत्र गुंतलेलं असतं. टकरींचं काम हे क्षेत्र करतं: कणांच्या वाटा वळवतं, त्यांचा वेग विस्कटतं, आणि शॉक तयार होतो. अशा टक्करविरहित शॉकचा पुरावा फार लांब शोधायला नको. सौरवारा पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला भिडतो तिथे असाच एक शॉक कायम उभा असतो आणि अंतराळयानं त्यातून आरपार गेली आहेत.

३. आधी शॉकवेव्ह की आधी स्फोट?

मोठ्या ताऱ्यांत आधी शॉकवेव्ह. आपण ज्याला स्फोट म्हणतो तो तिने ताऱ्याचे थर उचलून बाहेर फेकण्याचा परिणाम असतो. श्वेत बटूंची (सूर्यासारख्या ताऱ्यांच्या मागे उरलेल्या दाट गाभ्यांची) गोष्ट वेगळी, तिच्यासाठी प्रश्न ९ पाहा.

४. गाभा आत कोसळतो. मग स्फोट बाहेरच्या दिशेने कसा?

सूर्याच्या आठपटीहून जास्त वस्तुमानाचा तारा आयुष्याच्या शेवटी गाभ्यात लोखंड साठवतो. लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही, त्यामुळे गाभा केवळ इलेक्ट्रॉनांच्या दाबावर उभा राहतो. हा दाब किती वजन पेलेल याला मर्यादा आहे, सुमारे १.४ सूर्यवस्तुमान. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये इंग्लंडच्या बोटीवर जे गणित मांडलं त्यातून आलेली हीच ती मर्यादा.

ती ओलांडली की साधारण पृथ्वीएवढा गाभा सेकंदाच्या आत काही दहा किलोमीटरवर येतो. बाहेरचा भाग प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ चतुर्थांश वेगाने आत पडत असतो. घनता अणुकेंद्राच्या घनतेपलीकडे गेली की केंद्रकीय बल विरोध करू लागतं, आतला भाग एकदम ताठर होतो आणि किंचित उसळी घेतो. वरून अजून ध्वनीपेक्षा जास्त वेगाने पडणारं द्रव्य या उसळीवर आदळतं आणि त्या सीमेवर शॉकवेव्ह जन्मते. ती बाहेरच्या दिशेने निघते.

पाठ्यपुस्तकांतल्या बऱ्याच चित्रांत गोष्ट इथेच संपवतात: उसळी, धक्का, स्फोट. माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी दिशाभूल हीच आहे. पुढचं उत्तर वाचा.

५. ही शॉकवेव्ह मध्येच अडकते असं वाचलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि कित्येक दशकं शास्त्रज्ञांच्या डोक्याला ताप देणारं आहे. शॉक निघतो तेव्हा त्याच्या वाटेत अजून बरंच लोखंड असतं. त्यातून जाताना तो लोखंडाच्या अणुकेंद्रांचे तुकडे करतो आणि या मोडतोडीत ऊर्जा खर्ची पडते. दर ०.१ सूर्यवस्तुमान लोखंड फोडायला एका अख्ख्या सुपरनोव्हाच्या गतिज ऊर्जेहून जास्त मोजावी लागते. भरीला न्यूट्रिनो (द्रव्यातून जवळपास न अडता जाणारे अतिसूक्ष्म कण) आणखी ऊर्जा घेऊन पळून जातात. परिणामी, केंद्रापासून १०० ते २०० किलोमीटरवर शॉकचा दम संपतो. खाली येणाऱ्या सरकत्या जिन्यावर कोणी वर चढत राहावं आणि जागच्या जागीच दिसावं, तशी त्याची अवस्था होते: वरून द्रव्य पडतच राहतं, शॉक आहे तिथेच.

मग सुटका कशी होते? सध्याचं सर्वाधिक मान्य उत्तर आहे न्यूट्रिनो. कोसळलेल्या गाभ्याचा बनलेला नवजात न्यूट्रॉन तारा सुमारे १० सेकंदांत प्रचंड संख्येने न्यूट्रिनो सोडतो. त्यांतले अगदी थोडे टक्के अडकलेल्या शॉकमागच्या वायूत शोषले गेले तरी तो तापतो, फुगतो आणि काही दशांश सेकंदांत शॉक पुन्हा चालू लागतो. न्यूट्रिनोंनी स्फोट होऊ शकतो ही कल्पना स्टर्लिंग कोलगेट आणि रिचर्ड व्हाइट यांनी १९६६ मध्ये मांडली. उशिराने जिवंत होणाऱ्या शॉकचं आजचं रूप हान्स बेथे आणि जेम्स विल्सन यांच्या १९८५ च्या कामातून आलं.

संगणकावर हे घडवणं अवघड ठरलं. तारा अगदी गोल धरून केलेल्या गणितांत बहुतेक तारे फुटतच नव्हते. त्रिमितीय गणितं करता येऊ लागली तेव्हा दिसलं की शॉकमागचा वायू उकळत असतो आणि शॉक स्वतः या बाजूकडून त्या बाजूकडे हिंदकळतो. या हेलकाव्यांमुळे वायू तापायला जास्त वेळ मिळतो आणि स्फोट साधतो. स्फोट वाकडातिकडा होतो याचे आकाशातही पुरावे आहेत, त्यांतला एक प्रश्न १२ मध्ये.

६. एकूण ऊर्जेतला किती भाग शॉकवेव्हकडे जातो?

साधारण एक टक्का. कोसळण्यातून सुटणारी सुमारे ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो नेतात. दिसणारा प्रकाश तर एका टक्क्याचाही शंभरावा हिस्सा. तरी तो एक टक्का म्हणजे १ वर ४४ शून्यं इतके ज्यूल, सूर्य आपल्या १,००० कोटी वर्षांच्या आयुष्यात जेवढी ऊर्जा देईल जवळपास तेवढी.

७. १९८७ मध्ये न्यूट्रिनो प्रकाशाच्या आधी पोचले. म्हणजे ते प्रकाशापेक्षा वेगवान का?

नाही. ते आधी निघाले. मोठ्या मॅगेलनी मेघातला, सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षांवरचा एसएन १९८७ए हा सुपरनोव्हा २३ फेब्रुवारी १९८७ ला दिसला. त्याच दिवशी जपान, अमेरिका आणि रशियातल्या भूमिगत शोधकांनी मिळून दोन डझनांच्या आसपास न्यूट्रिनो टिपले, सगळे १३ सेकंदांच्या आत. तो तारा उजळलेला दाखवणारा पहिला फोटो त्यानंतर सुमारे तीन तासांचा आहे.

न्यूट्रिनो गाभ्यातून काही सेकंदांत बाहेर पडतात आणि वरच्या थरांना जवळपास न जुमानता निघून जातात. प्रकाशाला मात्र शॉकवेव्ह पृष्ठभागाशी येईपर्यंत थांबावं लागतं. १९८७ए चा मूळ तारा निळा महाराक्षसी आणि तुलनेने आटोपशीर होता, म्हणून काही तासांत काम झालं. लाल महाराक्षसी ताऱ्यात याला साधारण एक दिवस लागतो. म्हणजे गाभा मेलेला असतो आणि तारा बाहेरून अजून जसाच्या तसा दिसत असतो.

८. शॉकवेव्ह ताऱ्यातून बाहेर पडते तो क्षण कोणी पाहिला आहे का?

हो, पण नशिबाने. बाहेरच्या थरांकडे घनता झपाट्याने घटते, त्यामुळे शॉक शेवटच्या टप्प्यात उलट वेग घेतो. पृष्ठभागाजवळ त्याच्यामागे कोंडलेला प्रकाश एकदम सुटतो आणि क्ष-किरण व अतिनील किरणांचा छोटा झोत येतो. तो टिकतो काही मिनिटं ते काही तास, त्यामुळे दुर्बीण नेमकी तिकडे रोखलेली असावी लागते.

९ जानेवारी २००८ ला तसं झालं. स्विफ्ट उपग्रह एनजीसी २७७० या दीर्घिकेतला दुसराच, आधी फुटलेला सुपरनोव्हा न्याहाळत होता आणि त्याच दीर्घिकेत काही मिनिटांचा क्ष-किरणांचा झोत आला. अ‍ॅलिसिया सोडरबर्ग यांच्या चमूने तो ओळखला. हाच एसएन २००८डी. सप्टेंबर २०१६ मध्ये अर्जेंटिनातल्या रोसारियोचे हौशी निरीक्षक व्हिक्टर बुसो नवा कॅमेरा तपासायला एनजीसी ६१३ चे एकामागून एक फोटो घेत होते. त्या फोटोंमध्ये नव्हता तिथे एक ठिपका उमटला आणि वाढत गेला. शॉक बाहेर येतानाची दृश्य प्रकाशातली ती विलक्षण नोंद ठरली.

९. सगळे सुपरनोव्हा शॉकवेव्हनेच फुटतात का? टाइप १ए चं काय?

टाइप १ए मध्ये गाभा कोसळत नाही. तिथे कार्बन आणि ऑक्सिजनचा श्वेत बटू अणुइंधनासारखा पेटतो आणि अख्खा उद्ध्वस्त होतो. पेटण्याचे दोन प्रकार आहेत. ज्वाला ध्वनीपेक्षा कमी वेगाने पसरत असेल तर उष्णता शेजारच्या थराला पेटवत जाते. ध्वनीपेक्षा जास्त वेगाने पसरत असेल तर पुढे शॉकवेव्ह असते, ती इंधन दाबून पेटवते आणि त्या ज्वलनातूनच तिला जोर मिळत राहतो. याला डेटोनेशन म्हणतात.

निरीक्षणांत लोखंडगटातली मूलद्रव्यं आणि सिलिकॉन-गंधकासारखी मधली मूलद्रव्यं, दोन्ही दिसतात. नुसत्या संथ ज्वालेने किंवा दाट बटूत पहिल्यापासून लागलेल्या डेटोनेशनने हे प्रमाण नीट जुळत नाही. म्हणून ज्वाला आधी संथ आणि मग डेटोनेशन, किंवा वरच्या हेलियमच्या थरातल्या डेटोनेशनचा शॉक आत जाऊन कार्बन पेटवतो, अशा कल्पना पुढे आल्या. कोणती वाट किती वेळा वापरली जाते यावर वाद चालू आहे. ताऱ्याबाहेर पडल्यावर मात्र दोन्ही जातींच्या लाटा जवळपास सारख्याच वागतात.

१०. शॉकवेव्ह दिवसाभरात बाहेर पडते, मग सुपरनोव्हा महिनोन्‌महिने का उजळलेला असतो?

दोन कारणं. शॉकने तापवलेला वायू फुगत आणि थंड होत असताना साठलेली उष्णता हळूहळू सोडतो. हायड्रोजनचं जाड आवरण असलेल्या ताऱ्यात हे सुमारे १०० दिवस चालतं. दुसरं कारण किरणोत्सर्ग. गाभ्यालगतच्या सिलिकॉनच्या थरातून जाताना शॉक त्याला काही अब्ज अंशांपर्यंत तापवतो आणि निकेल-५६ तयार होतं. ते सुमारे ६ दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्ट-५६ होतं, कोबाल्ट ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने लोखंड. उशिराच्या महिन्यांतला उजेड या कोबाल्टचा. या लोखंडाचा प्रश्न ४ मधल्या गाभ्यातल्या लोखंडाशी गोंधळ करू नका. ते गाभ्यातच अडकतं. बाहेर विखुरतं ते शॉकने नव्याने शिजवलेलं.

११. बाहेर पडल्यावर ही लाट किती वर्षं चालते?

हजारो, कधी लाखभर. सुरुवातीला फेकलेलं द्रव्य सेकंदाला ५,००० ते १०,००० किलोमीटर किंवा जास्त वेगाने जवळजवळ बिनविरोध जातं. वाटेत गोळा झालेला वायू फेकलेल्या द्रव्याच्या वस्तुमानाहून जास्त भरला की लाट मंदावते. या टप्प्याचं गणित जी. आय. टेलर आणि लिओनिद सेदोव यांनी अणुबॉम्बसारख्या स्फोटासाठी मांडलं होतं. टेलर यांनी तर १९४५ च्या न्यू मेक्सिकोतल्या चाचणीच्या प्रसिद्ध झालेल्या फोटोंवरून, नुसता गोळ्याचा आकार आणि वेळ पाहून, बॉम्बची ताकद काढली. तेच सूत्र ताऱ्यांच्या अवशेषांना लागू पडतं: ऊर्जा आणि भोवतालची घनता कळली की त्रिज्येवरून वय निघतं.

काही दहा हजार वर्षांनी लाटेमागचा वायू उष्णता प्रकाशरूपाने गमावू लागतो, कवच पातळ आणि दाट होतं. पुढे वेग आसपासच्या वायूतल्या ध्वनीच्या वेगाइतका झाला की ती शॉकवेव्ह राहत नाही, आंतरतारकीय वायूत मिसळून जाते.

१२. ‘उलटी शॉकवेव्ह’ हा काय प्रकार आहे?

पुढची लाट भोवतालच्या वायूला तापवते. पण मंदावलेल्या कवचावर मागून येणारं ताऱ्याचं द्रव्य आदळतं, आणि तिथे दुसरा शॉक तयार होतो. तो फेकलेल्या द्रव्यातून आतल्या दिशेने सरकतो. म्हणून ताऱ्याची राख तापून चमकायला लागते ती याच शॉकमुळे.

शर्मिष्ठेतल्या कॅसिओपिया ए या सुमारे ३४० वर्षांच्या अवशेषात याचा सुरेख दाखला आहे. क्ष-किरणांत दिसणारं लोखंड तिथे उलट्या शॉकने तापवलेलंच असतं. जिथे तो पोचला नाही तिथलं लोखंड अदृश्य. टायटॅनियम-४४ मात्र किरणोत्सर्गामुळे आपोआप दिसतं, शॉक पोचो न पोचो. नूस्टार दुर्बिणीने २०१४ मध्ये त्याचा नकाशा प्रसिद्ध केला तेव्हा ते गोल कवचात नव्हतं, गुठळ्यांत एकीकडे जास्त, एकीकडे कमी असं पसरलेलं होतं. प्रश्न ५ मधल्या हिंदकळणाऱ्या शॉकला यातून बळ मिळालं.

१३. एसएन १९८७ए भोवतीची ठिपक्यांची कडी म्हणजे शॉकवेव्हच का?

कडी आधीपासूनच तिथे होती. स्फोटाच्या सुमारे २०,००० वर्षं आधी ताऱ्यातून बाहेर पडलेल्या वायूची ती कडी आहे, सुमारे एक प्रकाशवर्ष व्यासाची. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून लाट तिला भिडू लागली आणि हबलच्या फोटोंत दाट जागा एकेक करून पेटत गेल्या. नंतर कडीचा उजेड मंदावू लागला, कारण लाट तिला ओलांडून पुढे गेली. मानवी आयुष्यात पूर्ण पाहता येईल अशी ही दुर्मीळ घटना आहे.

१४. वैश्विक किरण याच लाटांमधून येतात असं म्हणतात. पुरावा काय?

वैश्विक किरण म्हणजे अवकाशातून येणारे अतिवेगवान भारित कण. चुंबकीय क्षेत्रात अडकलेला कण शॉकच्या पुढेमागे परत परत जातो आणि प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा मिळवतो. ही यंत्रणा १९७७-७८ मध्ये अनेकांनी स्वतंत्रपणे मांडली. एसएन १००६ या अवशेषाच्या कडांवर अतिवेगवान इलेक्ट्रॉनांचे क्ष-किरण १९९५ मध्ये जपानच्या आस्का उपग्रहाने ओळखले. पण वैश्विक किरणांत प्रोटॉन जास्त. त्यांची खूण, म्हणजे पायॉन कणांच्या क्षयातून येणारे गॅमा किरण, फर्मी दुर्बिणीने आयसी ४४३ आणि डब्ल्यू४४ या अवशेषांत दाखवले; साल २०१३. अत्युच्च ऊर्जेचे किरण मात्र या लाटांच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

१५. सूर्यमाला सुपरनोव्हाच्या धक्क्याने जन्मली हे सिद्ध झालंय का?

सिद्ध नाही, शक्य आहे. १९६९ मध्ये मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे अशनीत अ‍ॅल्युमिनियम-२६ च्या क्षयाच्या खुणा सापडल्या. याचं अर्धायुष्य सुमारे ७ लाख वर्षं, म्हणजे ते सूर्यमाला घडण्याच्या थोडंच आधी बनलेलं असणार. यावरून कॅमेरॉन आणि ट्रुरान यांनी १९७७ मध्ये धक्क्याची कल्पना मांडली. अडचण अशी की वेगवान शॉक सूर्यमाला ज्यातून घडायची त्या वायूच्या मेघाला दाबण्याऐवजी फाडून टाकतो; तो बराच मंदावलेला हवा. शिवाय अ‍ॅल्युमिनियम-२६ महाकाय ताऱ्यांच्या वाऱ्यातूनही येऊ शकतं.

१६. काक्षी फुटली तर तिची शॉकवेव्ह पृथ्वीला लागेल का?

नाही. मृग नक्षत्रातली काक्षी (बीटलज्यूस) साधारण ५५० ते ७०० प्रकाशवर्षांवर आहे. तिची लाट इथवर येण्याआधीच मंदावून विरेल. जवळच्या सुपरनोव्हाचा धोकाही धक्क्याचा नसतो, किरणांचा आणि वैश्विक कणांचा असतो, आणि त्यासाठी तो काही दहा प्रकाशवर्षांच्या आत असावा लागतो. जुन्या स्फोटांची राख मात्र इथवर आली आहे: समुद्रतळाच्या कवचांत लोह-६० मिळतं, त्यातलं बरंचसं २० ते ३० लाख वर्षांपूर्वीचं.

१७. गुरुत्वीय लहरी आणि शॉकवेव्ह एकच का?

नाही. गुरुत्वीय लहर अवकाशकालाची, प्रकाशाच्या वेगाने जाते, तिला माध्यम लागत नाही. शॉकवेव्ह द्रव्यातली. गाभा कोसळताना गुरुत्वीय लहरीही निघायला हव्यात, पण सुपरनोव्हाच्या अशा लहरी अजून टिपल्या गेलेल्या नाहीत.

१८. शॉक जिवंत झालाच नाही तर?

पडणारं द्रव्य न्यूट्रॉन ताऱ्यावर साचत राहतं आणि त्याचं कृष्णविवर होतं, मोठा स्फोट न होता. एनजीसी ६९४६ मधला एक लाल महाराक्षसी तारा २००९ मध्ये थोडा उजळून दिसेनासा झाला, तो असा उमेदवार मानतात. वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांनंतर त्यावरही मतभेद आहेत.

१९. अवकाशातली प्रत्येक शॉकवेव्ह सुपरनोव्हाचीच असते का?

मुळीच नाही. वेगाने पळणाऱ्या ताऱ्यापुढे शॉक असतो, सूर्यावरच्या उद्रेकांपुढे असतो, दीर्घिकासमूहांच्या टकरीत असतो. साध्या नोव्हातही (श्वेत बटूच्या नुसत्या पृष्ठभागावरच्या स्फोटातही) असतो: आरएस ऑफियुकी ऑगस्ट २०२१ मध्ये उजळला तेव्हा त्याच्या शॉकमधून गॅमा किरण आले, आणि तो तारा अजून शाबूत आहे.

२०. हौशी दुर्बिणीतून अशी लाट पाहता येईल का?

हंस तारकासमूहातला व्हेल (Veil, म्हणजे बुरखा) तेजोमेघ पाहा. विल्यम हर्शेल यांनी तो १७८४ मध्ये शोधला. सुमारे २,४०० प्रकाशवर्षांवरचा हा अवशेष आकाशात सुमारे ३ अंश पसरलाय, म्हणजे सहा पूर्णचंद्र एका रांगेत. काळोखी जागा, कमी वर्धन आणि ऑक्सिजन-३ फिल्टर एवढं असलं की ५२ सिग्नी या ताऱ्याला लागून जाणारा पश्चिमेचा पट्टा सापडतो. जे बारीक दोरे दिसतात ते खरे दोरे नसतात. शॉकमागचा वायू पातळ पडद्यासारखा असतो आणि तो कडेवरून दिसतो तिथेच रेघ उमटते. फिल्टर नसेल तर वेळ घालवू नका, बहुतेकांना काहीच दिसत नाही.